एका म्हशीच्या फरकानं लंडन

लंडनहून आल्यापासून गावातल्या बायका मला राणीबद्दल काही विचारत नाहीत. विचारतात ते एवढंच, "बाई, इमानात पाय लांब करायला येतात का?" त्यांचं काही चुकत नाही. मांडीवर पोर, पोराच्या मांडीवर पिशवी आणि पायाशी दुसऱ्याच्या कोंबड्या, असा कराडपर्यंतचा एसटीचा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना आधी पायाचीच काळजी असणार. तर उत्तर असं, की येतात. पण विमान कुठलं त्यावर आहे. एका दमात जाणारं आणि ठेचकाळत जाणारं, मी दोन्ही तऱ्हेच्या विमानांत बसून आलेय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. त्यात आमच्या सुभेदारांची थोडी बदनामी होईल. त्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

सांगली

सुभेदार म्हणजे माझे यजमान. पलटणीतून पेन्शनीवर आले आणि उसाच्या फडात रमले. मी शिराळ्याजवळच्या आमच्याच गावात शाळेवर शिक्षिका. एकुलती एक लेक विजू, ती लंडनला. जावई तिथं इस्पितळात डॉक्टर. विजूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आपला रिवाज, पण तिला मधे त्रास झाला आणि तिथल्या डॉक्टरणीनं प्रवास बंद केला. लेक माहेरी येत नाही, तर माहेरानं उठून लेकीकडं जायचं असं ठरलं. विजूनं लिहिलं होतं, "आई, कळा सुरू व्हायच्या आधी तू इथं पाहिजेस. उशीर झाला तरी चालेल असं मी म्हणणार नाही." ही माझी पोर तापानं फणफणली तरी "काही नाही गं" म्हणणारी. ते वाक्य वाचलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

तिकिटं काढायला सांगलीला गेलो. एजंट शहांनी पंख्याखाली बसवलं, चहा सांगितला आणि भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली.

"हे बघा वहिनी, एक विमान असं. मुंबईत बसायचं, लंडनला उतरायचं, मधे कुठं टेकायचंच नाही. दुसरं असं, की कुवेतला टेकतं, कैरोला बदलायचं. तिथं एक मुक्काम, हॉटेल-जेवण कंपनीचं. मग रोमला टेकून लंडन. वेळ जातो, पण स्वस्त पडतं."

"किती सवस्त?" सुभेदारांनी विचारलं.

शहांनी आकडा सांगितला. सुभेदारांनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, "म्हंजे दोघांचं मिळून एक दुभती म्हस."

"मला म्हैस नको, लेक पाहिजे," मी म्हटलं. "एका दमाचं काढा."

"आगं, साध्या गाडीनं बी माणूस पोचतंच की. आन् तुझं गुडघं धरत्यात. मधी मधी उतरून पाय मोकळं करशील."

"माझे गुडघे तुम्हाला आजच कुठनं आठवले?"

शहा दोघांकडंही बघून मान हलवत होते. धंद्याचा माणूस, त्याला दोन्हीकडून दलाली.

गुडघ्यांचं नुसतं नाव होतं. खरी गोष्ट मला ठाऊक होती. विजूच्या लग्नात सगळी भावकी मांडवात बसलेली असताना सुभेदार उठून बोलले होते, "नातवंडाचं तोंड बघितल्याबिगार लेकीच्या घरचं पाणी घेणार न्हाई." रिवाज काही नवा नव्हे, आमच्याकडं पुष्कळ बाप पाळतात. पण ते बाप सकाळी लेकीच्या गावी जातात, शेजारच्या घरात पितळी मांडून जेवतात आणि सांजच्याला परत येतात. लंडनमध्ये कुणाच्या ओसरीवर बसणार? बाहेर खावं म्हटलं तर सरकार परदेशी जेवढे पैसे नेऊ देतं त्यात चार दिवसांचा चहासुद्धा भागत नाही. म्हणून सुभेदारांनी डाव मांडला होता. जितकी विमानं बदलतील तितकी जेवणं फुकट. त्यातलं उरेल ते खिशात. आणि होता होईल तितकं रेंगाळत, बाळ यायच्या बेताला पोचायचं.

मला बाळ आल्यावर पोचून काय करायचं होतं? बाळाला बघायला अख्खं इस्पितळ होतं. माझ्या लेकीचा हात धरायला कुणी नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. विमान त्यांच्या मर्जीचं, तारीख माझ्या मर्जीची, डॉक्टरणीनं सांगितलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधीची.

"म्हंजे आठ दिस मी उपाशी व्हय?"

"पिठाचा डबा घ्या की बरोबर. तुमचं तुम्ही थापा."

निघण्याआधी औंधला जाऊन यमाईची ओटी भरली. डिंकाचे लाडू वळले. अळीव, बाळंतशेपा, ओवा, वेखंड बांधून घेतलं. गाडीवर सोडायला थोरले दीर आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो, आणि भावकीत त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. गाडी हलताना ते खिडकीशी येऊन म्हणाले, "शबूद ध्यानात हाय न्हवं?"

"हाय," सुभेदार म्हणाले.

मुंबई ते कैरो

विमानात खुर्ची अशी, की गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत. त्यानं खुर्ची मागं केली की त्याचं टक्कल माझ्या मांडीवर. त्याला तेल चोळून दिलं असतं तरी त्याला कळलं नसतं. तुरुंगात ताटल्या सरकवतात तशी हवाईसुंदरी जेवणाची ताटली सरकवून गेली. तिच्यात पाव, लोण्याची वडी, उकडलेलं काहीतरी आणि गोड काहीतरी. मी गोड तेवढं खाल्लं. सुभेदारांनी उकडलेलं पोटात घातलं. पाव, लोणी, साखरेच्या पुड्या, मीठ, मिरपूड कोटाच्या खिशात. नंतर माझाही पाव उचलला.

"लोणी वितळंल," मी म्हटलं.

"इमानात गार हाय."

"आणि इमानातनं उतरल्यावर?"

त्यावर ते खिडकीबाहेर बघू लागले. खिडकी माझ्या बाजूला होती.

कुवेत आलं. मी पदर सावरून पाय मोकळे करायला उठले. तर कैरोला जाणाऱ्यांनी जागेवरच बसायचं असा हुकूम निघाला. दार उघडलं, भट्टीसारखी हवा आत आली, काही माणसं उतरली, काही चढली आणि दार लागलं. गाडी फाट्यावर थांबावी आणि कंडक्टरनं दार धरून ठेवावं, तसला प्रकार. मी सुभेदारांकडं बघितलं. ते झोपले होते, किंवा झोपेचं सोंग घेऊन बसले होते. तोवर लोणी कोटातून बाहेर येऊन त्याचा तळहाताएवढा डाग पडला होता.

कैरो

कैरोच्या विमानतळावर माझी पिशवी उघडायला लावली. मिशाळ अंमलदारानं बाळंतशेपा हुंगल्या, डिंकाचा खडा उजेडाला धरला आणि दुसऱ्या दोघांना बोलावून घेतलं. तिघांचेही चेहरे गंभीर. मी घाबरले. भाषा येत नाही, करायचं काय? हातानं माझ्यापुढं मोठं पोट काढून दाखवलं, मग बाळ जोजवलं, मग एक लाडू फोडून अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा त्याच्यापुढं धरला. त्यानं खाल्ला. तो चावायला वेळ लागला, तेवढ्यात सगळे हसायला लागले. डबा परत मिळाला तेव्हा त्यातले चार लाडू कमी होते.

सुभेदार मात्र तिथं पाऊल टाकल्यापासून विशीतले झाले होते. मोठ्या लढाईत त्यांची पलटण मिसरात, म्हणजे इथंच, राहिलेली. आमच्या भागातली कितीतरी माणसं तेव्हा तिकडं होती. तेव्हाचे पन्नासेक शब्द त्यांच्या डोक्यात अजून शाबूत. पाणी म्हणजे मोया, उद्या म्हणजे बुकरा. कैरोमार्गे यायचं तिसरं कारण हे, तेही मला तिथं पोचल्यावर कळलं.

मुक्काम झाला. दुपारचं विमान होतं. सकाळी न्याहारी उरकून म्हणाले, "जरा कोपऱ्यापातूर जाऊन येऊ."

कोपऱ्यावर उसाच्या रसाचं दुकान होतं! भिंतीला टेकून उसाच्या मोळ्या, आत चरक, बाहेर गिऱ्हाईक. नरसोबाच्या वाडीच्या वाटेवर उभी आहे असंच मला वाटलं. फक्त रसात आलं नाही, लिंबू नाही, घुंगरंही नाहीत. सुभेदारांनी एक पेला घेतला, दुसरा घेतला, मग मोळीतला एक ऊस उचलून त्याचा बुडखा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"ह्यो बघ! वीतभर वर तोडलाय! बुडख्यातली साखर रानातच सोडून आल्यात येडी!"

दुकानदाराचं नाव महमूद. चाळिशीचा, ढगळ पायघोळ अंगरखा, हसरा. सुभेदारांनी पन्नास शब्दांत आणि दहा बोटांत त्याला ऊसतोडणी समजावली. महमूदला ते इतकं पटलं, की त्यानं दुकान भावाच्या हवाली केलं आणि आम्हाला छोट्या टेम्पोत घातलं. नदीपलीकडं त्याच्या मामाचं उसाचं शेत होतं. "लगेच येऊ," असं सुभेदार म्हणाले. उसाच्या फडात शिरलेला माणूस लगेच येत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी बसले, कारण एकटी हॉटेलात काय करणार?

तिथं सुभेदारांनी कोट काढला, कोयता मागून घेतला आणि कंबरेत वाकून जमिनीलगत ऊस कसा तोडायचा ते दाखवलं. मामा खूश, मामाचे गडी खूश. मी बांधावरून घड्याळ दाखवत होते. "आवं, विमान!" म्हटलं की म्हणायचे, "ही एक सरी." परत निघालो तेव्हा पुलावर गाढवांच्या गाड्या, टांगे, मोटारी आणि एक उंट, सगळे एकमेकांत अडकलेले. विमानतळावर धापा टाकत पोचलो, तर आमचं विमान उडालेलं.

तेव्हा मी विमानतळावर, चारचौघांत, सातारी मराठीत सुभेदारांना जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. शाळेतली मुलं हे वाचतील. शेवटी मला रडू कोसळलं. तिथं माझी पोर वाट बघत असेल आणि इथं मी उसाच्या पाल्यानं कापलेले यांचे हात बघत उभी!

पलटणीतला माणूस, चूक झाली की टाच जुळवून उभा राहतो. सुभेदार तसे उभे होते.

उम्म महमूदच्या घरी

कंपनीच्या माणसानं सांगितलं, चूक तुमची म्हणून मुक्कामही तुमचा. पुढची सोय बुकरा. लंडनला तार केली. महमूदला आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. तो आम्हाला सरळ आपल्या घरी घेऊन गेला.

घरात त्याची आई. तिला सगळे उम्म महमूद म्हणत, म्हणजे महमूदची आई. आमच्याकडं नाही का बाळूची आई, शांतीची आई म्हणत, तसंच. बाईचं स्वतःचं नाव तिकडंही चुलीमागंच राहतं. दारात पाऊल ठेवताच तिनं मातीच्या रांजणातलं गार पाणी पुढं केलं. सुभेदारांनी उभ्याउभ्या सगळं संपवलं. मग गरम फुगलेल्या भाकऱ्या आल्या, गव्हाच्या पण कोंड्यासकट, आणि वर शिजवलेला पावटा. हरभऱ्याच्या डाळीची चटणी असती तर मी शिराळ्यातच जेवले असते. माझ्या पिशवीतलं अळीव बघून ती उठली आणि आपलाही डबा घेऊन आली. त्यांच्याकडं बाळंतिणीला कसल्याशा मुळीची पूड तुपात परतून, वर दाणे-खोबरं घालून, गरम गरम पाजतात. आम्ही दोघी एकमेकींचे डबे हुंगत बसलो. मला जरा बरं वाटलं.

महमूदला थोडं इंग्रजी येत होतं. त्यानं विचारलं, लंडनला किती दिवस राहणार? तेव्हा माझ्या जिभेनं दावं तोडलं. मी म्हटलं, "हे राहतील, पण जेवणार नाहीत. बाळ येईपर्यंत हे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत."

महमूदनं आईला सांगितलं. म्हातारी हातातलं काम थांबवून सुभेदारांकडं बघत राहिली. मग तिनं एक छोटासा प्रश्न विचारला. महमूदला तो सांगताना संकोच वाटत होता.

"माय मदर आस्किंग, तुमच्या मुलीनं काय केलं?"

"काय केलं? काय बी न्हाई," सुभेदार म्हणाले.

"मग?"

रिवाज सांगायला सुभेदारांकडं पन्नास शब्द होते, त्यातला एकही उपयोगी पडेना. लेकीच्या सासरी बोजा नको, तिच्या घासातला घास नको, असं मी इंग्रजीत सांगून पाहिलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा बदलला नाही. बापलेकीत भांडण आहे आणि ही पाहुणी माणसं ते लपवतायत, असंच तिचं मत राहिलं. निघताना तिनं त्या पुडीची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि सुभेदारांच्या खांद्यावर थोपटलं.

लंडन

दुसऱ्या दिवशी कंपनीनं आम्हाला ज्या विमानात बसवलं ते थेट लंडनला जाणारं निघालं. मधे रोम नाही, काही नाही. शिवाय विमान अर्धं रिकामं. हवाईसुंदरीनं मधले दांडे वर करून दिले आणि मला तीन खुर्च्या मिळाल्या. तर बायांनो, पाय असे लांब होतात. पण खरं सांगू? जन्मात पहिल्यांदा प्रवासात आडवं व्हायला मिळालं आणि माझा डोळा लागेना. विजूच्या कळा सुरू झाल्या असतील का, एवढंच डोक्यात घोळत होतं. पैसे जास्त मोजून हेच विमान मुंबईहून घेतलं असतं तर मी केव्हाच तिच्याजवळ असते. एक म्हैस वाचवली आणि ती अशी अंगावर आली.

जेवण आलं. सुभेदारांनी ताटली तशीच परत पाठवली. पाव खिशात घातला नाही. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "म्हातारी काय म्हणली ती?"

विमानतळावर जावई उभे होते. वाकून नमस्कार करून म्हणाले, "आई, सांगितलेल्या दिवसाच्या आधीच, पहाटेपासून सुरू झालंय. मी इस्पितळात चल म्हणतोय. ती ऐकत नाही. म्हणते, आई-आबा आल्याशिवाय घर सोडणार नाही. पहिलटकरीण आहे, वेळ आहे अजून. पण लवकर जाऊ या." मोटारीत मी यमाईचं नाव घेत बसले. बाहेर काय लंडन होतं ते मी बघितलंच नाही.

दार उघडलं. विजू चौकटीला एका हातानं धरून उभी होती. तोंड घामेजलेलं, ओठ दाताखाली. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि स्टुलावर बशीत गुळाचा खडा. उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायचं, हे तिनं लंडनच्या थंडीतही सोडलं नव्हतं.

"आलीस?" ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी घोटभर घेतलं आणि तिला जवळ धरलं. वेळेत आले होते. पोचले होते मी, बाई!

एक कळ येऊन गेली. ती सोसून झाल्यावर विजू बापाकडं वळली.

"आबा, तुमचं पाणी शेजारच्या बाईंकडं ठेवलंय. त्यांच्या नळाचं आहे. जेवणाचंही त्यांना सांगून ठेवलंय, रोज दोन वेळा. फार चांगल्या आहेत, तुम्हाला अवघडल्यासारखं होणार नाही. ते बघा, हिरवं दार."

सुभेदारांनी हिरव्या दाराकडं बघितलं. मग विजूकडं बघितलं. पुन्हा कळ येत होती, चौकट धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला, तोंडाला लावला आणि खाली घेतला तो रिकामा करूनच. पाणी मिशांवरून, लोण्याच्या डागावरून खाली ओघळलं.

"आबा, अहो तुमचा शब्द..."

"चल आता. आधी तू चल," ते म्हणाले आणि तिच्या काखेत हात घालून तिला मोटारीपर्यंत घेऊन गेले. रडत होते. पलटणीतला माणूस रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

सांजेला नात झाली. त्या वेळी विजूचा हात माझ्या हातात होता. मला आणखी काय पाहिजे?

गाव

तिथं काय काय बघितलं ते पुष्कळ आहे. बर्फ, जमिनीखालची आगगाडी, आणि हिरव्या दाराच्या बाईंनी सुभेदारांकडून शिकून केलेली भाकरी, जिचा एकही पापुद्रा सुटला नाही. पण लोकांना ऐकायचं होतं ते वेगळंच.

आम्ही परतलो त्या संध्याकाळी भावकी ओसरीवर जमली. पेढे वाटून झाले. दादांनी विचारलं, "नातीचं तोंड बघूनच पाणी घेतलंस न्हवं?"

सुभेदारांनी कप खाली ठेवला. "न्हाई दादा. पोचलो तसं दारातच घेतलं."

ओसरीवर कुणीतरी खोकलं.

"पोरगी कळा सोसत हुती, आन् माझ्या शबदासाठी परक्याच्या घरात पाणी भरून ठेवलं हुतं तिनं," सुभेदार म्हणाले. "तिनं काय गुन्हा केलाय म्हणून मी तिचं पाणी टाकू, सांगा. मला न्हाई सांगता आलं."

आता ओरडा होणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. पण दादा नुसतेच उठले, जोडा घातला आणि घरी गेले.

दादांची कुसुम आटपाडीला दिलेली. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ नाही. दरसाल संक्रांतीला दादा तिच्या दारात साडी-चोळी द्यायला जात. घरून बांधून नेलेली भाकरी देवळात बसून खात आणि तसेच परत येत. तिकडं मुलखात पाणी कमी, ऊन कडक. पण दादांनी कधी लेकीच्या घरचा तांब्या तोंडाला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर फाट्यावर दादा उभे. डोक्याला नवा पटका. आटपाडीला आमच्याकडून थेट गाडी नाही, विट्याला बदलावी लागते, म्हणून सकाळीच निघालेले. सण नव्हता, वार नव्हता. हातात एक पातळ गुंडाळलेलं, आणि भाकरीचं फडकं कुठं दिसेना.

"दादा, शिदोरी घरीच राहिली वाटतं?" मी विचारलं.

"शिदोरी कशाला, बाई?" दादा म्हणाले. "लेकीकडं निघालोय."